वादळाचा इशारा आला तर घरातल्या कुत्र्याला कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की गुहागरला नुकतेच राहायला आलात, दोन वर्षांचा लॅब्राडोर कुत्रा आहे, नुसतं गडगडलं तरी थरथरतो नि बाथरूममध्ये जाऊन बसतो, मग खरंच चक्रीवादळ आलं तर काय. आम्ही दापोली तालुक्यातले, केळशीच्या बाजूचे. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ घरातच काढलं, तेव्हा चिंगी नावाची गावठी कुत्री होती आणि एक बोका, त्यामुळे आमचं काय चुकलं तेच आधी सांगते.

दुपारी वादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं आणि आमच्याकडे पत्रे, कौलं, माडाच्या झावळ्या सगळं उडायला लागलं. चिंगी माजघरात पेटारा आणि भिंतीच्या मधल्या फटीत घुसलेली, जेमतेम वीतभर जागा. मला वाटलं गुदमरेल, म्हणून मांडीवर घ्यायला ओढलं तर तिने चारी पायांची नखं रुतवली, सारवलेल्या जमिनीवर ओरखडे उठले, आणि पहिल्यांदाच माझ्यावर दात काढले. ओढायला नकोच होतं. तुमचा बाथरूममध्ये बसतो ना, बसू दे, फक्त दार बाहेरून लावू नका, खिडकीला काच असेल तर आतून प्लाय ठोका, त्याचं अंथरूण आणि पाणी तिथेच ठेवा आणि तुम्ही जवळ बसा. घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळलं की तो जास्त घाबरट होतो असं लोक सांगतात, ते खरं नाही, जवळ आला तर हात फिरवा, नाही आला तर नुसते बसून राहा. ओरडू मात्र नका.

मोठी चूक नंतर झाली. वारा पडला म्हणून बघायला दार उघडलं आणि ती पायांतून सटकली. तिसऱ्या दिवशी पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या दगडी वाटेच्या, खाली एका पडक्या गोठ्यात मिळाली, घरापासून फार तर पाचशे पावलांवर. रोजच्या पायाखालची वाट, पण वाडीच आडवी झाली होती, पोफळी आणि माड वाटेवर पडलेले, ओळखीचे वास पावसाने धुऊन नेलेले, ती तरी काय करणार बिचारी. म्हणून सांगते, वादळ गेल्यावरसुद्धा आधी पट्टा, मग दोरी हातात, आणि मगच दार उघडायचं. पट्ट्यावर मार्करने दोन फोन नंबर लिहा, एक तुमचा आणि एक पुण्या-मुंबईतल्या कुणाचातरी, कारण इथे टॉवर बंद पडले की तुमचा फोन लागणारच नाही. पण घरात किंवा अंगणात साखळीने बांधून ठेवू नका, पाणी शिरलं किंवा झाड पडलं तर त्याला पळायला तरी यायला हवं. गोठ्यातल्या गुरांचीही दावी सोडूनच ठेवायची.

मांजर असेल तर आदल्या रात्रीच घरात कोंडा. आमचा बोका घाबरला की माळ्यावर जायचा, आणि वादळात सगळ्यात आधी वरची कौलंच जातात. मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा त्याला वेळेवर खाली आणून माळ्याची झडप लावली, भाजीचा एक क्रेट सरळ, दुसरा त्यावर उपडा, सुतळीने घट्ट बांधले, आत माझी जुनी साडी. रात्रभर गप्प झोपला.

औषधाचं म्हणाल तर डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, भीती कमी करायच्या गोळ्या असतात पण त्या गडगडाट सुरू व्हायच्या आधी द्याव्या लागतात, तो कापायला लागल्यावर फारसा उपयोग नाही. आपल्या डब्यातली कुठलीच गोळी देऊ नका, साध्या पॅरासिटामॉलने मांजर मरतं. आणि हिवाळ्यापासूनच मोबाईलवर गडगडाटाचा आवाज अगदी बारीक लावून त्याला आवडीचं खायला देत जा, रोज पाच-दहा मिनिटं, तो निवांत खात असेल तरच पुढच्या आठवड्यात आवाज थोडा वाढवायचा. कापला की परत कमी. वेळ लागतो पण फरक पडतो.

नंतरचे काही दिवस त्याला मोकळं सोडू नका, फुटक्या कौलांचे तुकडे, तुटलेल्या वायरी, अडगळीत साप असतात. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून त्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराचे जंतू येतात, तो कुत्र्याला होतो आणि आपल्यालाही. त्याची लस मिळते, पहिल्यांदा देत असाल तर काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, त्यामुळे मे उजाडायच्या आत दोन्ही होतील असं बघा.