मुलगी अमेरिकेत गायनॅक होतेय, आणि आम्हाला भीती वाटते

प्रश्न : ताई नमस्कार. आमची मुलगी अमेरिकेत कॅन्ससमध्ये गायनॅकची रेसिडेन्सी करतेय. परवा फोनवर सहज बोलून गेली की ट्रेनिंगमध्ये अबॉर्शनपण शिकवतात आणि तिला ते शिकायचंय. तेव्हापासून हे रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसतात, तिकडे अशा डॉक्टरांना गोळ्या घालतात म्हणे, तिला ब्रँच बदलायला सांग असं माझ्यामागे लागलेत. यात खरं किती? – एक आई, सांगली

उत्तर : खरं आहे हो, खोटं सांगून तुमची समजूत काढणार नाही. आणि तुमची लेक ज्या राज्यात आहे तिथलीच घटना सगळ्यात गाजलेली आहे. विचिटा शहरात गर्भपात करणारे डॉ. जॉर्ज टिलर. 1986 मध्ये त्यांच्या क्लिनिकवर बॉम्ब टाकला, 1991 च्या उन्हाळ्यात गर्भपातविरोधकांनी दीड महिना दारात धरणं धरून रस्ता अडवला तेव्हा अडीच हजारांवर अटका झाल्या, 1993 मध्ये एका बाईने त्यांच्या दोन्ही हातांवर गोळ्या झाडल्या आणि हा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर. पुढे बुलेटप्रूफ जॅकेट घालून वावरायचे. शेवटी 31 मे 2009, रविवार, चर्चमध्ये येणाऱ्या लोकांचं स्वागत करायची ड्युटी होती त्यांची, तिथेच एकाने डोक्यात गोळी घातली. त्याला जन्मठेप झाली, ज्युरीला निकाल द्यायला 37 मिनिटं लागली फक्त.

त्यांच्याकडे कोण यायचं तेही यांना सांगा. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर सोनोग्राफीत कळतं की बाळ जगणारच नाही, अशा बायका, बाळासाठी नाव ठरवून ठेवलेल्या. देशात हे काम करणारे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे लांबलांबून यायच्या. टिलर गेले आणि घरच्यांनी क्लिनिक बंद केलं, मग विचिटाच्या बाईला साध्या सुरुवातीच्या अबॉर्शनसाठीसुद्धा तीनेकशे किलोमीटर कॅन्सस सिटीकडे जावं लागायचं. 2013 मध्ये त्यांच्याच एका जुन्या सहकारी बाईंनी त्याच बिल्डिंगमध्ये क्लिनिक परत सुरू केलं. मला याचं फार मोल वाटतं.

आता भीतीचं बघू. तिकडच्या नोंदीप्रमाणे 1977 पासून या कारणाने 11 खून झालेत, 42 बॉम्बस्फोट, 200 च्या आसपास जाळपोळी. त्या अकरात डॉक्टर चारच. बाकी दोन रिसेप्शनिस्ट मुली, डॉक्टरांना सोबत करणारे एक स्वयंसेवक, दोन पोलिस, आणि 2015 मध्ये कोलोरॅडोत मैत्रिणींसोबत आलेले दोघं, म्हणजे काउंटरवर बसलेल्या मुलीलाही तेवढाच धोका. रेसिडेंट मुलं हॉस्पिटलच्या टीममध्ये असतात, एकटं नाव पुढे येत नाही. अबॉर्शनचं ट्रेनिंग ज्याच्या मनाला पटत नाही त्याला नाकारता येतं तिकडे. तिला ते माहीतच असणार, तरी ती शिकायचं म्हणतेय. तेव्हा ब्रँच बदल असं सांगण्याआधी, का शिकायचंय ते तिला नीट विचारा तरी. आणि घरचा पत्ता, गाडीचा नंबर, फोटो नेटवर उघडे आहेत का ते बघायला सांगा, ही काळजी तिकडचे सगळेच घेतात.

प्रश्न : मी गर्भपाताच्या विरोधात आहे आणि ते लपवत नाही. पण एखाद्या माथेफिरूने गोळी घातली की आम्हा सगळ्यांना खुनी ठरवतात, हा कुठला न्याय? – एक वाचक, पुणे

उत्तर : विरोध करणं हा गुन्हा नाहीच. टिलरच्या खुनाचा निषेध तिकडच्या मोठ्या गर्भपातविरोधी संघटनांनीही केला होता. पण माथेफिरू एकटाच उगवला हे काही मला पटत नाही. 1993 मध्ये फ्लोरिडात पेन्साकोलाला डॉ. डेव्हिड गन यांना पाठीत गोळ्या घातल्या, त्याआधी त्यांचा फोटो आणि फोन नंबर टाकून 'वाँटेड' अशी पोस्टरं वाटली होती, फरार गुंडाची छापतात तशी. पुढे एक वेबसाइट आली, त्यात डॉक्टरांच्या नावांची यादी, जखमी झालेल्याचं नाव करड्या रंगात आणि मेलेल्याच्या नावावर काट. 1998 मध्ये बफेलोजवळ डॉ. बार्नेट स्लेपियन यांना घराच्या स्वयंपाकघरात उभे असताना बाहेरून रायफलने मारलं, आणि लगेच त्यांच्या नावावर काट पडली. बंदूक एकाने चालवली, पण पत्ता शोधून देणारे, यादी करणारे, टीव्हीवर वारंवार 'खुनी टिलर' म्हणणारे वेगळे होते ना? 1999 मध्ये ज्युरीने असल्या पोस्टर-यादीवाल्यांना दहा कोटी डॉलरवर भरपाई द्यायला लावली, नंतर रक्कम कमी झाली, पण ही धमकीच आहे हे वरच्या कोर्टाने 2002 मध्ये मान्य केलं. तुम्ही विरोध करा, लिहा, कायद्यासाठी मत मागा. डॉक्टरचा फोटो आणि पत्ता फिरवू नका, आणि आपल्यातलं कुणी फिरवत असेल तर पहिल्यांदा तुम्ही त्याला थांबवा, तुमचं ते ऐकतील.

क्लिनिकचं दार अडवणाऱ्यांना, धमकावणाऱ्यांना शिक्षा करणारा केंद्रीय कायदा तिकडे 1994 मध्ये आला, गन यांच्या खुनानंतर वर्षभराने. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी त्याच कायद्याखाली दोषी ठरलेल्या 23 जणांना माफी दिली. याचा मला राग आहे.

प्रश्न : आपल्याकडे असं कधी ऐकलं नाही, मग तरी बरेच डॉक्टर गर्भपाताला नाही का म्हणतात? – एक वाचक, नांदेड

उत्तर : आपल्याकडे 1971 पासून कायदा आहे, आता 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने होतं, ठरावीक बायकांना दोन डॉक्टरांच्या मताने 24 पर्यंत. इथे डॉक्टरला मारहाण होते ती बहुतेक पेशंट दगावला, बिल जास्त आलं यावरून. पिशवी साफ करायला नाही म्हणतात ते कागदपत्रांच्या आणि पोलिसांच्या भीतीने, मुलगी अठराच्या आतली असेल तर जास्तच. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अशा केसमध्ये पोलिसांना कळवताना मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिचं नाव द्यायची गरज नाही. आणि डॉक्टरने बाईचं नाव विनाकारण बाहेर फोडलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. डॉक्टर नाही म्हणाले तर नाव बाहेर जाईल या भीतीने कुणा भोंदूकडे जाऊ नका, सरकारी हॉस्पिटलच्या गायनॅक ओपीडीत जा, आणि उशीर करू नका.