घरात चोरी झालीय, बाहेरचं कोणी आलं नाही, आता विचारायचं कोणाला?

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की कधी कधी वाटतं दारावर पाटीच लावावी. कपाटातले पैसे कमी होतात, डब्यातलं सोनं जातं, कुलूप शाबूत, कडी शाबूत, म्हणजे घरातलंच कोणीतरी, आणि मग माणसं फोन करून दबक्या आवाजात विचारतात, मॅडम पोलिसात जाऊ का, देवाला विचारू का, की गप्प बसू. चोर कसा शोधायचा हे मला नाही सांगता येत, मी समुपदेशन करते, मी काय सीआयडी नाही. पण चोर सापडेपर्यंतच्या दिवसांत घरात जे होतं ना, ते नुकसान पुष्कळदा गेलेल्या सोन्यापेक्षा मोठं असतं, आणि ते कोणी मोजतच नाही. त्यावरची ही एक केस. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

दापोलीकडचं बंदराचं गाव. घरची मच्छीमारीची बोट, बाप तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, दोन मुलगे, थोरल्याचं लग्न झालेलं, धाकटा तेविशीचा, आणि वर आजी. आजीचं सोनं म्हणजे पाटल्यांचा जोड आणि एक मोहनमाळ, लुगड्याच्या फडक्यात बांधून कपाटात, चावी आजीच्या कनवटीला. २०२५ च्या गणपतीत गौरीला घालायला म्हणून आजीने पुरचुंडी काढली, सोडली, तर आत बोटीच्या इंजिनाचे नट. चांगले जाडजूड, ग्रीस पुसलेले. आजी अधूनमधून पुरचुंडी हातात घेऊन बघायची, वजन लागलं की परत ठेवायची, उघडायची नाही. ही सवय घरच्यांनाच ठाऊक.

गौर बिनसोन्याची पूजली आणि संध्याकाळपर्यंत संशय दोघींवर येऊन बसला. एक, घरात वरकामाला आणि मासळी सुकवायला येणारी मावशी. तिची पिशवी खळ्यात चार बायांसमोर उपडी केली, त्यात निघाला डबा, एक छत्री आणि नातवासाठी घेतलेला मोदक. दुसरी थोरली सून, कारण काय, तर मे महिन्यात तिच्या भावाचं लग्न झालं, तेवढा पैसा त्यांच्याकडे आला कुठून? तोंडावर कोणी काही बोललं नाही. फक्त ती खोलीत आली की बोलणं थांबायचं, आणि सासूने तिच्याकडची तांदळाच्या कोठीची चावी काढून घेतली. कोठीची! सोनं गेलंय कपाटातून आणि चावी काढतात तांदळाची.

माझ्याकडे आली ती ही सून. झोप नाही, जेवण नाही, दर थोड्या वेळाने स्वतःचीच बॅग उघडून बघते, आपल्या सामानात कोणी काही ठेवलं तर नाही ना म्हणून. नवऱ्याने एकदाच विचारलं होतं, "तू नाही ना घेतलंस?" आणि ती म्हणाली, मॅडम बाकीच्यांचं एक वेळ सोडते पण ह्यांनी विचारलं ना, त्या दिवसापासून मी त्या घरात पाहुणी झाले. अजून एक गोष्ट तिने सांगितली, ती घरात कोणाच्या डोक्यातही आली नव्हती. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, घरात पैसा नाही, त्यातच बोटीची डागडुजी आणि जाळी करायची, म्हणून दर वर्षी जूनमध्ये सोनं तारण ठेवायचं आणि हंगाम सुरू झाला की गणपतीच्या आत सोडवून आणायचं. आजीचं सोनं कधीच गेलं नाही. जायचं ते सुनेचं. म्हणजे जिच्या सोन्यावर बोट दुरुस्त होते तिच्यावरच आळ.

तिला मी पहिलं सांगितलं की तू स्वतःला निर्दोष सिद्ध करायचं बंद कर, न केलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणणार. आणि सासऱ्यांना बोलावून घेतलं. ते आले पण घाईत, कारण रविवारी देवळात कौल लावायचं ठरलं होतं. आता कौलाबद्दल मी कधीच चेष्टेने बोलत नाही, आमच्याकडे बोट पाण्यात घालायची तरी माणसं देवाला विचारतात, माझ्या माहेरीसुद्धा विचारतात. मी एवढंच म्हणाले, काका, कौलाला देव हो किंवा नाही म्हणतो, नाव तुम्ही विचारायचं असतं. तुम्ही कोणाकोणाची नावं विचारणार आहात? ते म्हणाले, मावशीचं, आणि सुनेचं. मी म्हटलं, आणि मुलांची? तुमचं? ते गप्प. मग म्हणाले, इंजिनाचे नट बाया कुठून आणतील, हे आम्हाला आधी का नाही सुचलं. रविवारचा कौल राहिला.

इथे जरा थांबून एक सांगते, कारण नटांचा विषय नसता तर मी आधी आजीबद्दल विचारलं असतं. वय झालेलं माणूस वस्तू स्वतःच कुठेतरी ठेवतं, विसरतं, आणि मग "सुनेने चोरलं" म्हणतं, हे स्मृतिभ्रंशात खूप दिसतं आणि त्यात कितीतरी सुना फुकट चोर ठरल्यात. तेव्हा घरात म्हातारं माणूस असेल आणि वरचेवर असं होत असेल तर चोर शोधण्याआधी डॉक्टरला दाखवा.

धाकटा स्वतः आला. वहिनी माहेरी जायला निघाली, बॅग भरली, ते बघून आला. बसला आणि पहिलंच वाक्य, "मी चोरलं नाही, गहाण ठेवलंय." हे मी नेहमी ऐकते. कोणी म्हणतं उसने घेतले, कोणी म्हणतं शेवटी माझंच होणार होतं, कोणी म्हणतं घरात मला कोण विचारतं. चोरी करणारा माणूस स्वतःच्या डोक्यात चोर नसतोच, तिथे त्याने आधीच वेगळं नाव देऊन ठेवलेलं असतं. आणि ह्या पोराला तर ते नाव घरातूनच मिळालेलं, दर वर्षी सोनं जातं आणि गणपतीच्या आत येतं, मग मी नेलं तर काय बिघडलं, मीही गणपतीच्या आत आणणार होतो.

झालं असं होतं की बंदीच्या दोन महिन्यांत काम नाही, हातात मोबाईल, पैसे लावून रमी. सुरुवातीला जिंकला, मग हरला, हरलेलं भरून काढायला अजून लावले, मित्राकडून घेतले, मग लोनच्या ॲपवरून, आणि त्यांची वसुलीची माणसं घरच्यांना फोन करू म्हणायला लागल्यावर चिपळूणला एका खाजगी फायनान्सवाल्याकडे आजीचं सोनं. त्यातलेही थोडे परत खेळात, एका डावात सोडवून आणू म्हणून. आणि नेमकं ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो खेळायचा ते ॲप गणपतीच्या तोंडावर बंद झालं. देश म्हणाला बरं झालं, आणि हा पोरगा रडला, कारण त्याच्या हिशोबाने सोनं सोडवायचा एकुलता एक रस्ता गेला.

आईबाबा यूट्यूब बघून आले होते, त्यांना वाटलं ह्याला क्लेप्टोमॅनिया आहे, म्हणजे आजार, म्हणजे दोष नाही. हे बरेच जण विचारतात म्हणून नीट सांगते. क्लेप्टोमॅनिया हा खरा आजार आहे पण फार कमी जणांना असतो. त्यात माणूस नको असलेली वस्तू उचलतो, पैशासाठी नाही, कोणावर राग म्हणून नाही. उचलायच्या आधी आतून ताण चढत जातो, उचलल्यावर सुटल्यासारखं वाटतं, आणि मग लाज. सोनं नेऊन गहाण टाकणं, वजनाला नट भरणं हे त्यात बसत नाही. ह्याचा आजार जुगाराचा, आणि तो जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत व्यसनांच्या शेजारी आहे. अमेरिकन मनोविकार तज्ज्ञांच्या जुन्या यादीत तर जुगारासाठी चोरी-अफरातफर करणं हेही लक्षण म्हणून होतं, २०१३ ला ते काढलं, खोटं बोलणं मात्र ठेवलं. आजार आहे म्हणून उपचार करायचे, पण त्याने वहिनीला तीन आठवडे जळताना बघितलं आणि गप्प राहिला ते ह्या आजारात धरता येत नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

पोलिसांचा प्रश्न अर्थातच आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, राहत्या घरातली चोरी कलम ३०५ मध्ये येते, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी असेल आणि माल किंवा किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा आहे, पण ती साध्या चोरीला, आणि इथे रक्कम कितीतरी मोठी. तक्रार करायची की नाही हे आजीने ठरवायचं असं मी म्हणाले, कारण सोनं तिचं, बाकी सगळे तिच्या वतीने माफ करायला निघाले होते. आणि एकदा गुन्हा नोंदवला की उद्या "जाऊ दे हो" म्हणून कागद परत घेता येत नाही, हेही सांगून ठेवलं. आजी नाही म्हणाली. पण तिला पोराने स्वतः सांगायचं होतं, मी तिथे बसले होते. त्याने सांगितलं, रडला. आजीने का केलंस, किती मिळाले, काहीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, "नट पुसून ठेवलेस रे. ग्रीस लागू नये फडक्याला म्हणून पुसलेस. तेवढी काळजी होती तुला." पोरगा त्या दिवशी जेवढा खचला तेवढा बापाच्या मारानेही खचला नसता.

चोर सापडला की घरच्यांना वाटतं मिटलं. बाप लगेच म्हणाला, सुनबाईला घेऊन ये, मावशीला निरोप दे, उद्यापासून ये म्हणावं, साडी देऊ एक. मावशीने साडी घेतली नाही. ह्या घरात नाव खराब झालं म्हणून दुसऱ्या दोन घरांनीही तिला थांबवलं होतं, ते दिवस कोण भरून देणार? तिचं म्हणणं एकच, ज्या बायांसमोर माझी पिशवी उपडी केलीत त्यांच्यासमोर बोला. घरच्यांना हे जड गेलं, म्हणजे गावाला आपल्या पोराचं कळणार. मी आग्रह धरला, मला ह्यात मधला रस्ता दिसत नव्हता, आळ चारचौघांत घेतला तर तो उतरवायचाही चारचौघांत. शेवटी आजी उठली, धाकट्याला घेऊन लिलावाच्या वेळी बंदरावर गेली, आणि टोपल्या घेऊन बसलेल्या बायांना मोठ्याने सांगितलं की आमच्या घरातल्याने केलं, हिने नाही. पोरगा शेजारी उभा होता. थांबलेल्या दिवसांची मजुरीही दिली. मावशीला ती दोन घरं परत मिळाली, ह्या घरात ती आजही जात नाही, आणि ते तिच्या मर्जीवर सोडायचं.

सून आली, पण तिच्या अटीवर. कोठीची चावी परत घेतली नाही, म्हणाली ठेवा तुमच्याकडेच. नवऱ्याबरोबर तिचं काम अजून चालूच आहे माझ्याकडे, सासूपेक्षा ते अवघड आहे. आणि ह्या वर्षी जूनमध्ये तिने आपलं सोनं बोटीसाठी दिलं नाही, पतपेढीचं कर्ज काढा म्हणाली. सासऱ्यांनी काढलं.

धाकट्याला मी मनोविकार तज्ज्ञांकडे पाठवलं. रत्नागिरीला जायचं म्हटल्यावर बापाचा चेहरा पडला, कारण आमच्याकडे "ह्याला रत्नागिरीला न्या" ही चेष्टा आहे, तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे ना. पण तिथली ओपीडी ही साधी ओपीडी आहे, चिठ्ठी काढायची, बसायचं, डॉक्टरांशी बोलायचं, घरी यायचं. लांब पडत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. बोटीवरचा त्याचा वाटा आता थेट आजीकडे जातो, पाटल्या सुटल्यात, मोहनमाळ अजून चिपळूणलाच आहे.

मध्ये एकदा परत खेळला. परदेशातल्या कुठल्या तरी साइटची लिंक मित्राने टेलिग्रामवर पाठवली, रात्री दीड-दोन तास, थोडेच पैसे. ह्या वेळी लपवलं नाही, सकाळी जाऊन सांगितलं, आणि ते बापाला नाही, मला नाही, वहिनीला. तिने भाकरी थापता थापता ऐकलं आणि म्हणाली, "फोन ठेव इकडे, आणि किती गेले ते आजीला तूच सांग, मी नाही सांगणार."