मशीन तेच, बिया त्याच, टायमरही तेवढाच. तरी घरी भाजलेली कॉफी एकदा करपते आणि एकदा आंबट राहते. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की एअर रोस्टर (गरम हवेवर बिया भाजणारं मशीन) छोटा आहे, चिकमगळूरच्या बिया एकाच पिशवीतल्या आहेत, टायमर दर वेळी 8 मिनिटांवर असतो, आणि तरी रविवारी सकाळी भाजलेली कॉफी कडू कोळसा होते, बुधवारी रात्री भाजलेली आंबट लागते. शेवटी जाता जाता लिहिलंय की तुम्ही सांगलीत राहता. माझ्या मते गोम तिथेच आहे.

माझं सांगलीतच मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर समोर जळालेले पंप येतात, त्यामुळे काहीही बिघडलं की आधी व्होल्टेज बघायची खोड लागलीय. कॉफी भाजायला लागलो तेव्हा दोन महिने तुमच्यासारखाच बियांना दोष देत होतो. मग एकदा मशीन चालू असताना त्याच बोर्डावर मीटर लावला. सकाळी साडेसहाला 240, रात्री आठला 205.

हा फरक दिसतो तेवढा लहान नाही. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे 240 वर जेवढी आच मिळते, त्याच्या पाऊणपटही 205 वर मिळत नाही. गॅसची ज्योत कुणीतरी गुपचूप बारीक करावी आणि तुम्ही मात्र घड्याळ लावून बसावं, तसं हे आहे. त्यात या मशीनमध्ये बिया हलवणारा पंखाच असतो. व्होल्टेज पडलं की तोही ढेपाळतो. कच्च्या बिया पाण्यामुळे जड असतात, त्या सुरुवातीला नीट उसळत नाहीत. मग तळच्या बियांना डाग पडतात आणि वरच्या हिरव्या राहतात.

हवामानाचाही वाटा आहे. मशीन खोलीतलीच हवा ओढून तापवतं. डिसेंबरच्या पहाटे ती 14 अंशांवर असते आणि एप्रिलच्या दुपारी 39 वर. तो 25 अंशांचा फरक शेवटी बियांपर्यंत पोचतोच.

म्हणून 8 मिनिटांचा आकडा विसरा. हळद शिजवणारा माणूस घड्याळ बघून आच बंद करत नाही, काडी टोचून बघतो. कॉफीत काडीचं काम कान आणि नाक करतात.

पहिली तीन-चार मिनिटं ओल्या गवतासारखा वास येतो. कॉफीसारखा अजिबात नाही, घाबरू नका. बिया हिरव्याच्या पिवळ्या झाल्या की थालीपीठाच्या भाजणीसारखा खमंग वास सुरू होतो आणि पापुद्रे उडायला लागतात. मग रंग दालचिनीवर येतो आणि बियांच्या आतलं तापमान 200 अंशांच्या आसपास गेलं की पहिला तडका ऐकू येतो. आवाज ज्वारीच्या लाह्या फुटताना येतो तसा, मोकळा आणि सुटासुटा. आतल्या पाण्याची वाफ बी फोडून बाहेर पडते, त्याचा तो आवाज. तुमचं घड्याळ खरं इथून सुरू होतं. एक-दोन एकट्या बिया फुटल्या म्हणून नाही, सलग फुटायला लागल्या की मोजायचं. तिथून एक ते दोन मिनिटांत मध्यम भाजणी मिळते. तसंच चालू ठेवलं तर 225 अंशांच्या पुढेमागे दुसरा तडका लागतो, तो मोहरीसारखा बारीक आणि भराभर असतो. त्यात तेल वर येतं, धूर वाढतो, आणि अर्ध्या मिनिटाच्या उशिरात सगळं करपतं.

तुमची रविवारची कॉफी या दुसऱ्या तडक्याच्या पार पलीकडे जात असणार, आणि बुधवारची पहिल्या तडक्यातच अडकत असणार. पंख्याच्या घरघरीत तडका ऐकू येत नसेल तर मशीनच्या तोंडाजवळ कान न्या, पण वर वाकू नका. वाफ आणि पापुद्रे थेट चेहऱ्यावर येतात. माझ्या भुवया थोडक्यात वाचल्यात.

आता बुधवारी रात्री तीच भाजणी 14-15 मिनिटं चालवली तर होईल का? रंग येईल, चव येणार नाही. मंद आचेवर रेंगाळलेली कॉफी पिठूळ आणि सपाट लागते. 80-100 ग्रॅमच्या हवेच्या मशीनमध्ये सगळं साधारण 7 ते 10 मिनिटांत उरकलं तर बरं. उलट 4 मिनिटांत काळी झाली तर बाहेरून जळालेली आणि आतून कच्ची राहते, आणि मग कडू व आंबट दोन्ही एकाच कपात येतात.

उपाय साधा आहे. ज्या वेळी व्होल्टेज स्थिर असतं त्याच वेळी भाजा. प्लगात बसणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो शेजारच्या सॉकेटमध्ये लावून मशीन चालू असतानाचा आकडा बघा. रिकाम्या लाइनचा आकडा फसवा असतो. मशीन 1400 वॉटचं असेल तर ते 6 अँपिअर ओढतं, तेव्हा गीझरसाठी असतो तसा मोठा प्लग वापरा. बारीक वायरीची एक्स्टेन्शन लावली तर पाच-दहा व्होल्ट तिथेच जातात आणि वायर गरम होते ती वेगळी. स्टॅबिलायझर घेऊ नका असं मी सांगेन. स्वस्तातले रिलेवाले स्टॅबिलायझर टकटक करत पायऱ्यापायऱ्यांनी व्होल्टेज बदलतात, आणि ऐन तडक्याच्या वेळी आच उडी मारते. मी दुकानातला डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हवं तेवढं कमीजास्त करायचं यंत्र, घरी आणून 225 व्होल्टवर धरतो, पण त्यासाठी तुम्ही खर्च करावा असं मला वाटत नाही. बायकोच्या मते तर मीही करायला नको होता.

मशीनवर लिहिलेल्या मापापेक्षा जास्त बिया भरू नका. मी लोभाने 80 ग्रॅमच्या मशीनमध्ये 130 ग्रॅम घातल्या होत्या, त्या फेकाव्या लागल्या. आणि पापुद्र्यांची जाळी प्रत्येक वेळी साफ करा. ती तुंबली की हवा अडते, आतलं तापमान भलतंच चढतं, आणि वाळलेले पापुद्रे पेटायला वेळ लागत नाही. मशीन चालू ठेवून दारावरच्या भाजीवाल्याकडे जायचं नाही.

भाजणं थांबवलं तरी बिया आतल्या आत भाजत राहतात. शेंगदाणे गॅस बंद केल्यावर कढईतच ठेवले तर करपतात, तेच इथे. मशीनची गार करायची सोय असते, पण त्याच्या भिंती तापलेल्या असतात. मी बिया सरळ पिठाच्या मोठ्या चाळणीत ओततो आणि टेबलफॅनखाली हलवतो. तीन मिनिटांत हाताला गार लागायला हव्यात.

मग वजन करा. भाजणी कुठवर गेली हे रंगापेक्षा वजनकाटा खरं सांगतो. 100 ग्रॅमचे 85-86 भरले तर मध्यम, 80-82 वर आले तर गडद. आठ-दहा वेळचं व्होल्टेज, पहिल्या तडक्याची वेळ आणि शेवटचं वजन कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज लागतो.

त्याच दिवशी पिऊ नका. ताज्या भाजलेल्या बीतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो, आणि पाणी ओतल्यावर नुसता फेस येतो. स्टीलच्या फिल्टरसाठी मी दोन-तीन दिवस थांबतो. तोवर बरणीचं झाकण सैल ठेवतो.

बियांबद्दल एवढंच, की हात बसेपर्यंत धुतलेली, म्हणजे फळाचा गर काढून मग वाळवलेली अरेबिका जातीची बी घ्या, पिशवीवर 'प्लँटेशन' लिहिलेली. ती एकसारखी भाजली जाते. 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली, तिचे पापुद्रे जास्त आणि रंग कमीजास्त येतो. मॉन्सून्ड मलबार तर सध्या नकोच. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेली ती फिकट बी हलकी असते, मशीनमध्ये उडत राहते आणि तिचा पहिला तडका नीट ऐकूही येत नाही.

पैसे वाचतील का, असंही विचारलंय. वीज अगदीच किरकोळ लागते, एका भाजणीला पाव युनिट. पण वजनात घट धरा, सुरुवातीला वाया जाणाऱ्या बिया धरा, मशीनची किंमत धरा. पैशांसाठी करू नका. आमच्याकडे दुधातली कॉफी लागते, म्हणून मी दुसऱ्या तडक्याचे पहिले दोन-तीन आवाज आले की थांबतो, मध्यम भाजणी दुधात हरवते. एवढं सगळं करून कप पुढे केला की सासूबाई त्यात जायफळ किसतात. मी काही बोलत नाही.