ऊन भरपूर असूनही उन्हाळ्यात गोव्याच्या समुद्रात वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणारे, प्रकाशावर वाढणारे सूक्ष्म जीव) कमी का असतात?

प्रकाश पुरेसा असला तरी वरच्या थरातील नायट्रेट हे नायट्रोजनयुक्त पोषकद्रव्य संपलेले असते, हे त्याचे मुख्य कारण आहे. मार्च ते मे या काळात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या थंड, पोषक पाण्यावर झाकणासारखे बसते. विरघळलेला नायट्रोजन वायू वापरू शकणारे ट्रायकोडेस्मियम हे प्लवक मात्र तेव्हाच फोफावते. शांत पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे त्याचे तपकिरी पट्टे होडीतूनही दिसतात.

नैऋत्य मोसमी वारे वाहू लागले की खोल पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात वर सरकते, त्याने आणलेल्या पोषकद्रव्यांवर डायटम हे वनस्पती-प्लवक झपाट्याने वाढतात आणि आकाश ढगाळ असूनही पावसाळा हाच येथील सुपीक काळ ठरतो. गोव्यासमोर पावसाचा व नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर वर पसरलेला असल्याने हे पोषक पाणी बहुधा पृष्ठभागाच्या थोडे खालीच अडते. शिवाय ढगांमुळे उपग्रहाला समुद्राचा रंग दिसत नाही, म्हणून या महिन्यांत केवळ उपग्रहचित्रांवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. पुढे मेलेले प्लवक खाली कुजतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळचा ऑक्सिजन जवळजवळ संपतो.

हिवाळ्यातील मोठा बहर मुख्यतः उत्तर अरबी समुद्रात येतो, कारण तेथे थंड, कोरड्या वाऱ्यांनी पृष्ठभागाचे पाणी जड होऊन खाली बुडते आणि खालची पोषकद्रव्ये वर मिसळतात.