अंगठा जुळत नाही, मग काय?

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. वडील साखर कारखान्यात होते, त्यांच्यामागे तिला पीएफची पेन्शन मिळते. हयातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रावर तीन चकरा झाल्या, पण अंगठा जुळतच नाही. केंद्रवाला म्हणतो, आधार अपडेट करा.
– एक वाचक, परळी

उत्तर : अपडेटची घाई नको. जन्मभर कापूस वेचलेल्या हातांच्या रेषाच झिजलेल्या असतात, नवा ठसाही तितकाच पुसट येणार. अंगठ्याचा हट्ट सोडा. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, त्यातलं एखादं जुळून जातं. कोरडं बोट उमटत नाही, म्हणून ओल्या फडक्याने बोट पुसा, मशीनची काचही पुसा. आणि बोट नुसतं टेकवा. दाबून धरलं की रेषा एकमेकींत मिसळतात.

एवढं करूनही नाही जमलं तर चेहरा आहेच, तोही घरबसल्या. फोनमध्ये ‘आधार फेसआरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन्ही ॲप घ्या. पहिलं ॲप घेतल्यावर उघडून काहीच दिसत नाही. बिघडलंय समजून काढून टाकू नका, ते मागे राहून काम करतं. दुसरं ॲप आधी ‘ऑपरेटर’ विचारतं, ते तुम्हीच. तुमचा आधार, मोबाइल, ईमेल, तुमचा चेहरा. मग आईची माहिती. आईला ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसवा, दाराकडे पाठ नको. चष्मा काढा, पदर कपाळावरून मागे घ्या, आणि ॲपने सांगितलं की पापण्यांची उघडझाप करायची.

घोळ होतो तो पुढे. पेन्शनचा प्रकार ‘फॅमिली’ निवडायचा, ‘सर्व्हिस’ नाही. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक आईच्या पेन्शनचाच, कागद समोर ठेवून अंक जुळवा. प्रमाण क्रमांकाचा मेसेज आला म्हणजे दाखला तयार झाला इतकंच. पेन्शन कार्यालयाने तो स्वीकारला की नाकारला, हे काही दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर बघा. आणि पीएफच्या पेन्शनला नोव्हेंबरचं बंधन नाही. दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो, मग ऐन गर्दीत जायचं कशाला?

प्रश्न : बँकेत आधार जोडलेलं आहे, तरी निराधारचे पैसे खात्यात येत नाहीत.
– एक वाचक, औसा

उत्तर : खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैशासाठी ते ‘सीड’ करणं वेगळं. काउंटरवर हे दोन्ही एकच समजून सांगतात, सगळा घोटाळा तिथेच. एका आधारवर सीड असलेली बँक एकच असते, शेवटी केलेली. मध्यंतरी कुठे दुसरं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे साचत असतील. ‘माय आधार’ संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, बँकेचं नाव दिसेल. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’चा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात) अर्ज द्या, त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहा आणि शिक्का मारलेली प्रत मागून घ्या.

प्रश्न : सत्तरीनंतरच्या आयुष्मान कार्डावर बीपीच्या गोळ्या मिळतील का?
– एक वाचक, सेलू

उत्तर : नाही. ५ लाखांचं संरक्षण दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, नुसत्या तपासणी-गोळ्यांना नाही. दाखल होताना पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाला गाठा.