'रेलिक्वरी'ला अस्थिकलश म्हणावं का?

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन युरोपातल्या चर्चवरचा लेख मराठीत आणताना संतांचे अवशेष ठेवायच्या 'रेलिक्वरी'ला 'अस्थिकलश' चालेल का?

माझ्या मते नको. अस्थिकलश म्हटलं की कापडाने तोंड बांधलेलं मडकं आणि नदीचा घाट डोळ्यांपुढे येतो. तो रिता करायलाच भरलेला असतो. रेलिक्वरीतलं हाड मात्र विसर्जित करायचं नसतं. शेवटच्या न्यायाच्या दिवशी संत त्याच देहाने उठणार, तोवर ते सांभाळायचं, ही श्रद्धा. भोवतीचं सोनं, मीनाकाम, रत्नं म्हणजे त्या पुढच्या तेजस्वी देहाची चाहूल. निव्वळ श्रीमंतीचा थाट नव्हे.

मूळ लॅटिन 'रेलिक्विए' म्हणजे मागे उरलेलं. आपला 'अवशेष' अर्थाने तंतोतंत तोच. पण 'अवशेषपेटी' म्हटलं की पुरातत्त्व खात्याचं खोकं वाटतं, निदान मला तरी.

मी 'करंडक' सुचवेन. हा शब्द हल्ली क्रिकेटवाल्यांनी पळवलाय, तरी कुंकवाचा करंडा अजून घरात आहे. स्तूपांत सापडणाऱ्या डब्यांना 'अस्थिकरंडक' म्हणतातही. फक्त त्यातला 'अस्थि' अडचणीचा. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी मुंबईजवळच्या सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याची, तिच्यात चांदीची, मग दगडाची, स्फटिकाची आणि शेवटी सोन्याची डबी निघाली. सोन्याच्या डबीत काय, तर बुद्धाच्या मानल्या गेलेल्या भिक्षापात्राच्या खापऱ्या! युरोपातही अवशेष म्हणजे हाडच असं नाही. फ्रान्सच्या नवव्या लुईने १२३९ मध्ये मिळवला तो ख्रिस्ताचा म्हणून पूजला जाणारा काट्यांचा मुकुट. तेव्हा 'अवशेषकरंडक' म्हणावं, हाडापासून काट्यापर्यंत सगळं त्यात मावतं.

डबीवर भर देणं इतिहासालाही धरून आहे. जुने अवशेष 'कॅप्सा'बाहेर काढून दाखवू नयेत, विकायला मांडू नयेत, असं १२१५ मध्ये रोमला भरलेल्या चर्चच्या लॅटरन धर्मसभेने बजावलं होतं. कॅप्सा म्हणजे पेटी; औषधाची कॅप्सूल तिचीच धाकटी लेक.

एका ठिकाणी मात्र माझा शब्द फसतो. फ्रान्समधल्या काँक गावी संत फोय या हुतात्मा मुलीची रेलिक्वरी म्हणजे सिंहासनावर बसलेली तिची मूर्तीच आहे: आत लाकूड, वर सोन्याचा पत्रा आणि अंगभर रत्नं. डोकं रोमन काळातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी पुतळ्याचं, त्यामुळे धडाच्या मानाने मोठं. अकराव्या शतकात आँजेचा बर्नार नावाचा विद्वान ती पाहून मनात हसला. त्याला ती मूर्तिपूजाच वाटली. पुढे पस्तावला आणि तिच्याच चमत्कारांच्या कथा लिहीत बसला. तिला करंडक कसं म्हणणार? तिथे सरळ 'अवशेष ठेवलेली सुवर्णमूर्ती' लिहा.