‘लेट समवन ऑफ द हूक’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ ‘निर्दोष सोडणे’ असा होतो का?

‘लेट समवन ऑफ द हूक’ याचे मराठी ‘निर्दोष सोडणे’ असे केले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते चालणार नाही. दोष, शिक्षा किंवा गळ्यात पडलेली जबाबदारी यांतून एखाद्याला मोकळे केले, एवढेच हा वाक्प्रचार सांगतो. दोष होता की नव्हता याचा निवाडा तो करीत नाही, उलट दोष असूनही माणूस सुटला, अशी बोलणाऱ्याची नाराजी त्यात पुष्कळदा असते.

यातला हूक म्हणजे मासे पकडण्याचा गळ, असे सामान्यतः मानले जाते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडे कोणी गरवत बसला असेल, तर त्याच्या गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा जरूर पाहावा. आमिषासकट गळ तोंडात गेला की हा काटा जबड्यात रुततो आणि माशाला आपल्या बळावर सुटणे अवघड होते. ‘लेट’ असताना सोडणारा दुसराच कोणी असतो, तो यामुळेच. माणूस स्वतः निसटला, तर ‘गेट ऑफ द हूक’ म्हणतात.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. समजा, त्या दिवसांत एखादी नौका पकडली गेली आणि अधिकाऱ्यांनी दंड न करता तांडेलाला नुसती समज देऊन सोडले, तर ‘दे लेट हिम ऑफ द हूक’ हे वाक्य चपखल बसते. पकडलेली होडी बिगरयांत्रिक, म्हणजे बंदीबाहेरचीच निघाली, तर मात्र हे वाक्य त्या माणसावर अन्याय करणारे ठरेल.

मराठीत याच्या सर्वांत जवळ येते ते ‘गय करणे’. ‘हात झटकणे’ येथे लागू पडत नाही, कारण ते माणूस आपले आपणच करतो. ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम आयत्या वेळी आपल्यावर आले आणि तेवढ्यात ग्रामसेवक हजर झाले, तर ‘यू आर ऑफ द हूक’ असेही म्हणता येते. तेथे दोषाचा प्रश्नच नसतो.

न्यायालयीन मजकुरात हा बोलीतला प्रयोग टाळावा. निर्दोष मुक्ततेसाठी तेथे ‘अक्विट’ आणि खटल्यापूर्वीच आरोपमुक्त करण्यासाठी ‘डिस्चार्ज’ हे शब्द रूढ आहेत.